धसका घेतला, की बसला?

जानेवारीतली सकाळ होती. सांगलीजवळच्या कुपवाडहून माधवनगरकडे जाताना रस्त्याच्या कडेला ऊसतोड कामगारांच्या दहा-बारा कोप्या दिसल्या. पाचटाच्या भिंती, वर काळा कागद, दारापुढे तीन दगडांची चूल. धडधाकट माणसे पहाटे अंधारातच फडावर गेलेली. मागे एक आजी होती आणि तिच्या मांडीवर सहा-सात वर्षांची नात. मी वाट विचारायला थांबलो, तेवढ्यात रिकाम्या ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर खडखडत गेला. पोरीने दोन्ही हातांनी कान दाबले आणि आजीच्या लुगड्यात तोंड खुपसले. ट्रॅक्टर दूर गेला, आवाज विरला, तरी तिचे हात कानांवरून निघेनात.

आजी म्हणाली, "मागल्या साली हिच्या म्होरं ट्रॉली उलाटली, दादा. तवापसनं धसका घेतलाय लेकरानं."

घरी आलो तरी ते वाक्य मनातून जाईना. बीडकडून आलेल्या त्या आजीने चार शब्दांत घटना सांगितली, काळ सांगितला, परिणाम सांगितला आणि त्या परिणामाला नावही दिले. डॉक्टरांच्या भाषेत यालाच 'मानसिक आघात' म्हणतील, इंग्रजीतून आलेल्या बोलीत 'ट्रॉमा' म्हणतील. धसका हा या दोघांचा मराठी प्रतिशब्द आहे असे वाटते खरे. पण शब्द उलगडत गेले की तिन्हींच्या वाटा वेगळ्या दिसू लागतात.

धसक्याच्या मुळाशी 'धस' हा नाद असावा. "काळजात धस्स झाले" असे आपण आजही म्हणतो. हा नाद फार जुना आहे. अर्धमागधीतल्या ज्ञाताधर्मकथेत मेघकुमाराची गोष्ट येते. राजपुत्र मेघ घर सोडून दीक्षा घेणार, हे ऐकताच त्याची आई धारिणी राणी फरशीवर कोसळते. आणि त्या कोसळण्यासाठी सूत्रकाराने शब्द योजला आहे 'धसत्ति', म्हणजे 'धस्स अशी'. मुलगा घर सोडून निघाला आणि आई धस्सकन पडली. माणसाच्या घर सोडण्याशी या नादाचे नाते इतके मागे जाते, हे पाहून मी थोडा वेळ पुस्तक मिटूनच बसलो.

पुढे नादाचे क्रियापद झाले असावे. जमीन धसते, विहिरीची कड धसते, म्हणजे आतून आधार सुटून खाली बसते. हिंदीतले 'धँसना' सख्खे भावंड दिसते, आणि त्याला खचण्याबरोबर 'आत घुसणे' हाही अर्थ आहे. आपल्याकडे ज्वारी-तुरी काढल्यावर रानात जे टोकदार बुडखे उरतात, ती 'धसकटे'. अनवाणी पायात घुसलेले धसकट ज्याने काढले आहे, त्याला हा दुसरा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. त्याचे मूळ हेच, की केवळ आवाजाचे साम्य, हे ठामपणे म्हणता येणार नाही; पण खचणे आणि रुतणे हे दोन्ही अर्थ धसक्यात नांदताना दिसतात. घटना आत रुतते आणि तिच्याभोवतीचे मन खचते.

आता शेवटचा 'का' पाहू. झटका, फटका, दणका, हिसका, ठसका, भडका: नादाला 'का' जोडून मराठीने हे एक मोठे कुटुंब वाढवले आहे. यातले बहुतेक शब्द क्षणाचे आहेत. दणका बसतो आणि संपतो. ठसका लागतो, पाणी प्यायले की थांबतो. धसका मात्र याच घरात जन्मून घराची रीत मोडतो. तो आला की राहतो. म्हणूनच त्याच्या मागे हमखास 'तेव्हापासून' येते. मनाच्या जखमेचे सगळ्यांत अवघड लक्षण हेच, की घटना सरते आणि तिचा काळ सरत नाही. आजीच्या 'तवापसनं'मध्ये ते लक्षण नेमके आले होते.

आता 'आघात' घेऊ. 'आ' अधिक 'हन्', म्हणजे मारणे. याच 'हन्'पासून घात, घाताचा प्राकृतातून झाला घाव आणि घाय, घायापासून घायाळ. लोहाराचा घण म्हणजे संस्कृत 'घन', आणि तोही 'हन्'चाच वंशज. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडावर घाव पडतात, तेव्हा घण आणि घाव हे एकाच धातूचे दोन नातू एकमेकांवर आपटत असतात, असे म्हणायला हरकत नाही. गंमत पुढेच आहे. फारसीतून आलेला 'जखम' आपल्याला आज उघडी, वाहणारी इजा सांगतो. पण फारसीत त्याचा जुना अर्थ 'तडाखा' असाही आहे. मारणे या अर्थाचे फारसी 'जदन' ज्या प्राचीन इराणी 'जन्'पासून आले, त्याच्याशीच जखमेचे नाते असावे. आणि इराणी 'जन्' म्हणजे आपल्या 'हन्'चा सख्खा भाऊ. तसे असेल तर आघात आणि जखम ही हजारो वर्षांपूर्वी ताटातूट झालेली भावंडे. एक संस्कृतातून घरी राहिले, दुसरे इराण फिरून मराठीत परत आले.

हिंदी-उर्दूतला 'सदमा' अरबी आहे, आणि त्याचाही मूळ अर्थ आदळणे, टक्कर. आपला 'धक्का' तर उघडच ढकलण्यातून आलेला. ग्रीक 'ट्रॉमा' म्हणजे जखम, आणि त्याच्या धातूत भोसकण्याचा, भोक पाडण्याचा भाव आहे, आपल्या धसकटासारखा. हा शब्द दीर्घकाळ फक्त शरीराचा होता. एकोणिसाव्या शतकात युरोपात आगगाड्या धावू लागल्या, अपघात होऊ लागले, आणि अंगावर ओरखडाही नसलेली माणसे महिनोन्महिने कापत राहिलेली दिसू लागली. १८६६ मध्ये जॉन एरिक एरिक्सन या लंडनच्या शल्यविशारदाने अशा रुग्णांवर पुस्तक लिहिले आणि दोष पाठीच्या कण्याला लागलेल्या हादऱ्यावर ठेवला. १८८९ मध्ये जर्मन वैद्य हेरमान ओपेनहाइमने आघातजन्य मज्जाविकार अशी कल्पना मांडली. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत वर्गीकरणात आघातोत्तर तणाव विकाराला जागा मिळाली ती १९८० मध्ये. शरीराच्या जखमेचा शब्द मनाला लावायला शंभर वर्षांहून अधिक काळ लागला.

हे सारे शब्द एका ओळीत मांडले, की एक गोष्ट डोळ्यांत भरते. आघात, धक्का, सदमा, शॉक: शास्त्राने आणि शिष्ट भाषांनी उचललेले शब्द प्रहाराचे आहेत. ते बाहेरून काय आदळले ते सांगतात. धसका आतून काय खचले ते सांगतो. हादरा एकाच रात्री सगळ्या गावाला बसतो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली. आघात सर्वांवर सारखाच. पण पुढच्या पावसाळ्यात "पाणी किती फुटावर?" असे रात्रीतून चार वेळा उठून विचारणारा एखादाच असतो. बाकीच्यांनी पूर पाहिला. त्याने धसका घेतला. आघाताची मोजदाद सरकारी कागदावर होते, धसक्याची करायला माणसाजवळ बसावे लागते.

त्या आजीच्या 'कोपी'कडेही वळायला हवे. कोपी म्हणजे ऊसतोड कामगाराचे हंगामी खोपट. खोप, खोपी, खोपट, खोपा हे शब्द हिच्याच गोतातले दिसतात. सुगरणीचा खोपाही त्यातलाच असावा. दुसरीकडे जुन्या मराठीत 'कूप' म्हणजे काट्याकुट्यांचे कुंपण, आणि 'कुपाटी' तर आमच्याकडे अजून बोलण्यात आहे. मग कुपवाड? उत्तरपद सोपे आहे. संस्कृत 'वाट' म्हणजे वेढलेली जागा, तिचा झाला वाड. हेरवाड, दत्तवाड, घोसरवाड, थेट धारवाडपर्यंत ही माळ जाते. पूर्वपद कोडे घालते. संस्कृत 'कूप' धरला तर विहिरींचे गाव, मराठी 'कूप' धरली तर कुंपणाचे, आणि कन्नड 'कुप्पे' म्हणजे ढीग धरला तर राशींचे. कानडी मुलूख इतका जवळ, की तिसरा पर्यायही झटकता येत नाही. माझे मन कुंपणाकडे झुकते. कुंपण हे आतल्यांसाठी आसरा आणि बाहेरून आलेल्यासाठी अडसर असते. सांगली आणि मिरजेसोबत १९९८ मध्ये एका महापालिकेत गेलेल्या या गावात आज जत-विजापूरपासून बिहार-उत्तर प्रदेशापर्यंतची माणसे कामाला येतात, आणि कुंपणाचे हे दोन्ही अर्थ रोज अनुभवतात.

यायला निघायचे कसे, तेही एका शब्दात साठले आहे. मुकादम पावसाळ्यात 'उचल' देतो. नवरा-बायको मिळून 'एक कोयता', आणि त्या कोयत्यावर ठरलेली आगाऊ रक्कम म्हणजे उचल. उचलणे हे 'उत्' अधिक 'चल्'. आणि संस्कृतात 'उच्चलति'चा एक अर्थ आहे निघणे, प्रस्थान ठेवणे. पैसा उचलला त्याच क्षणी घरही उचलले गेले. उचल घेतलेले कुटुंब गाळपाच्या हंगामात बैलगाडीत किंवा ट्रकमध्ये बसते आणि चार-सहा महिने कोपीत राहते. 'उत्' आणि 'चल्' दोन्ही त्यांनी अक्षरशः पाळलेले असतात.

या राहण्याला मराठीत आणखी एक देखणा शब्द आहे, बिऱ्हाड. कन्नडात 'बिडार' म्हणजे उतरण्याची, तळाची जागा, आणि 'बिडु' म्हणजे सोडणे. दोहोंचा संबंध असावा. ओझे सोडायचे, बैल सोडायचे, ते ठिकाण बिडार. तेराव्या शतकातल्या महानुभावांच्या लीळाचरित्रात तो 'बीढार' होऊन जागोजागी भेटतो, कारण चक्रधरस्वामींचे सारे जीवनच एका बीढारातून दुसऱ्यात चाललेले. 'घर' आणि 'बिऱ्हाड' यांतला भेद मराठी माणूस कधी चुकत नाही. घर गावाकडे असते, बिऱ्हाड पाठीवर.

आणि बिऱ्हाडात माणसाला 'करमत नाही'. दूर आलेल्याच्या दुःखाचा हा मराठीतला पहिला उद्गार. वसतिगृहात आलेली मुलगी, पुण्यात मुलाकडे राहायला गेलेला म्हातारा, न्यू जर्सीत सुनेच्या बाळंतपणाला गेलेली आई, सगळे हेच म्हणतात. 'करमणूक'मुळे हा शब्द 'रमणे'वरून आला असे वाटते, आणि रम् धातूचा मोह सोडवत नाही. पण रूप पाहता तो 'क्रम्'वरून आला असावा: क्रमचा करम, जसा धर्मचा धरम. क्रमणे म्हणजे पाऊल टाकणे, पुढे जाणे. मार्ग क्रमतो, काळ क्रमतो. 'करमत नाही' म्हणजे काळ पाऊल उचलत नाही. २०२० च्या टाळेबंदीत जी माणसे शेकडो मैलांचा मार्ग पायी क्रमून गावी गेली, त्यांतली कितीतरी पुन्हा कामाला परतली, आणि खोलीवर एकटी पडली की तीच म्हणतात, करमत नाही. पायांना क्रमता आले ते काळाला येत नाही.

करमत नाही त्याच्या पुढची पायरी खंत. आज आपण खंत 'व्यक्त' करतो, सभेत आणि अग्रलेखात, आणि तिचा अर्थ खेद एवढाच उरला आहे. जुन्या मराठीत 'खंती' म्हणजे दूर गेलेल्या माणसाची ओढ, वियोगाने झुरणे असा अर्थ दिसतो. आईवाचून मूल खंत घेते, तिचे दूध सुटल्यावर खंगते, हा वापर जुन्या माणसांच्या तोंडी मी ऐकला आहे. व्युत्पत्ती सहज हाती लागत नाही. 'खिद्'कडे, खेद-खिन्नकडे बोट दाखवता येते. पण पाली-प्राकृतात 'खंति' हा शब्द आधीच हजर आहे, आणि तो आहे संस्कृत क्षान्ति: सोसणे, क्षमा. बौद्धांच्या दहा पारमितांत ती आहे. जैनांच्या दशलक्षण पर्वाचा पहिला दिवस उत्तम क्षमेचा, आणि सांगली-कुपवाडच्या जैन वस्त्यांत तो दरवर्षी पाळला जातो. सोसणे या अर्थाचा शब्द सरकत सरकत 'जे सोसावे लागते ते' इथपर्यंत आला असेल का? ध्वनी जुळतात, अर्थाचा पूल मी बांधतो आहे तो कच्चा आहे, हे मान्य. तरी गाव सोडून आलेल्या कोणाही बाईकडे पाहिले, की सोसणे आणि झुरणे यांत फार अंतर वाटत नाही.

युरोपानेही या दुखण्याला कधीकाळी रोगच मानले होते. १६८८ मध्ये योहानेस होफर या तरुणाने बासेलच्या विद्यापीठात वैद्यकाचा प्रबंध लिहिला आणि परमुलखात झुरणाऱ्या स्विस माणसांच्या आजारासाठी दोन ग्रीक शब्द जोडले: 'नोस्तोस' म्हणजे घरी परतणे, 'आल्गोस' म्हणजे वेदना. तोच नॉस्टॅल्जिया. पुढे परक्या फौजांत चाकरी करणाऱ्या स्विस शिपायांचा रोग म्हणून तो गाजला. आज त्याला आपण 'स्मरणरंजन' म्हणतो. स्थलांतरिताच्या वेदनेसाठी घडवलेल्या शब्दातून वेदना गेली आणि रंजन उरले. आपल्याकडे खंतीतून झुरणे गेले आणि औपचारिक खेद उरला. दोन शब्दांचे दैव सारखेच निघाले.

भीतीच्या शब्दांकडे वळले की फारसी-अरबीचा मोठा ताफाच समोर येतो. 'परागंदा' घ्या: फारसीत विखुरलेला, उधळलेला, मराठीत देशोधडीला लागलेला. 'हवालदिल' हा मूळचा 'हौल-दिल' असावा. अरबी 'हौल' म्हणजे भय, फारसी 'दिल' म्हणजे काळीज. हौलचा 'हवाल' होताना 'हालहवाल'ने त्याला आपल्याकडे ओढले असेल. 'धास्ती' तर फारच बोलकी. ती अरबी 'दहशत'पासून आलेली दिसते: द आणि ह एकमेकांत मिसळून ध, आणि दहशतची झाली धास्त, धास्ती. हाच शब्द पुढे पुन्हा एकदा, अक्षर न बदलता, 'दहशत' म्हणून मराठीत आला. एकच शब्द दोनदा आला आणि दोन कामांना लागला. दहशत बाहेर असते, दुसरा कोणी ती बसवतो. धास्ती आत असते, आपण ती बाळगतो. जो आधी आला, पिढ्यान्पिढ्या राहिला, झिजून मराठी झाला, तो आतला झाला. नुकता आलेला अजून बाहेरच उभा आहे. माणसांचेही असेच होत असावे.

उताराही त्याच मुलखातून आला: 'दिलासा', म्हणजे दिलाला विसावा देणारे. आणि शुद्ध देशी 'काळजी' काळजातून निघाली असावी. संस्कृतात 'कालेय' म्हणजे यकृत. तोच शब्द आपल्याकडे काळीज आणि हिंदीत कलेजा होऊन छातीत येऊन बसलेला दिसतो. कोणी आपली काळजी करते म्हणजे आपण त्याच्या काळजात असतो. शब्दांनी ही गोष्ट आपल्याआधी ओळखली होती.

धसक्याचा एक जुळा भाऊ मला पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला सापडला. मेक्सिको, ग्वातेमालापासून पेरूपर्यंत स्पॅनिश बोलणारी माणसे 'सुस्तो' नावाचे दुखणे सांगतात. सुस्तो म्हणजे भयाचा धसका. अचानक काही भयंकर घडते, आत्मा देह सोडून तिथेच मागे राहतो, आणि मग माणसाची झोप जाते, भूक जाते, हुरूप जातो. या मुलखातली माणसे अमेरिकेत कामाला गेली, वाटेत वाळवंटे आणि सीमा ओलांडताना नको ते पाहून गेली, आणि तिथल्या दवाखान्यांत 'मला सुस्तो झाला आहे' असे म्हणू लागली. डॉक्टरांच्या यादीत तसा रोगच नव्हता. मानववंशशास्त्रज्ञांनी त्यावर काम केले, १९८४ मध्ये आर्थर रूबेल आणि सहकाऱ्यांचा सुस्तोवरचा ग्रंथ आला, आणि १९९४ च्या अमेरिकन वर्गीकरणाच्या परिशिष्टात सुस्तोला नावानिशी जागा मिळाली. घरगुती उपाय आपल्याला ओळखीचे वाटतील. अंगावरून अंडे किंवा पाला उतरवतात. मागे राहिलेल्या आत्म्याला नाव घेऊन हाक मारतात. आपल्याकडे मीठ-मोहरीने दृष्ट काढतात, भाकरीचा उतारा टाकतात. अंगावरून उतरवायचे, हीच कल्पना दोन्हीकडे.

दुखणे माणसाच्या स्वतःच्या शब्दांत ऐकायचे, या विचाराला शास्त्रात बसवणारी संज्ञा आपल्या शेजारातून निघाली. मार्क निख्टर या अमेरिकन अभ्यासकाने दक्षिण कन्नड जिल्ह्यातल्या हव्यक स्त्रियांमध्ये राहून अभ्यास केला, आणि १९८१ च्या लेखात 'वेदनेच्या बोली' ही कल्पना मांडली. माणूस आपले दुःख कोणत्या शब्दांत, कोणत्या कृतींत सांगू शकतो हे त्याचा समाज ठरवतो. वैद्याने आधी ती बोली शिकावी. आज परदेशातून आलेल्यांवर उपचार करताना जगभर जी संज्ञा वापरतात, ती मंगळूरच्या आसपासच्या अंगणांत जुळली आहे.

वेदनेच्या या बोलीचे व्याकरण तपासताना मला एक गोष्ट खटकली, आणि या लेखाचे कारण तीच आहे. मराठीत मनाच्या बहुतेक अवस्थांत माणूस कर्ता नसतो. मला भीती वाटते, मला करमत नाही, जिवाला घोर लागला: अवस्था येते आणि माणूस चतुर्थीत बसून ती झेलतो. पण "त्याने धसका घेतला", "तिने हाय खाल्ली", "मनाला लावून घेतले" इथे माणूस एकाएकी कर्ता होतो. जणू धसका समोर ठेवला होता आणि त्याने हात पुढे करून उचलला. त्यातून पुढचे वाक्य आपोआप निघते: "एवढा धसका कशाला घेतोस?" खानापूर-आटपाडीची गलाई करणारी मुले वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी केरळ-तमिळनाडूत जातात, तेजाबाच्या वाफेत सोने-चांदी शुद्ध करतात. गलाई म्हणजे वितळवणे, मूळ 'गल्', आपले गळणे. धातूबरोबर त्यांतल्या एखाद्याचे अवसान गळले आणि तो परत आला, तर गाव म्हणते, "घेतला धसका." हे 'अवसान' संस्कृत मानले तर अर्थ शेवट; पण धीर या अर्थाचे आपले अवसान हिंदीतल्या 'औसान'शी, म्हणजे भान-शुद्धीशी, जुळते. भान गळणे ही कोणाची करणी नसते. मराठीत दुसरे वाक्यही तयार आहे: "त्याला धसका बसला." फक्त क्रियापद बदलते आणि पोर आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर येते. त्या आजीला हे कधी भेटलो तर सांगणार आहे. तिने नातीला दोष दिला नव्हता, हे तिच्या हाताने दिसत होते. बोलता बोलता ती पोरीची पाठ चोळत होती. पण पोर मोठी होताना जे वाक्य ऐकत राहील, ते 'बसला' असावे.

कारखान्यांच्या बाजूला दवाखाना चालवणारा माझा एक डॉक्टर मित्र आहे. त्याच्या केसपेपरवर रोगाच्या इंग्रजी नावाच्या आधी एक ओळ देवनागरीत असते. एकदा त्याने तीन कागद पुढे ठेवले. एकावर होते 'घबराहट', दुसऱ्यावर 'गाबरी', तिसऱ्यावर 'जीव घाबरा होतो'. पहिला बिहारचा, दुसरी विजापूरकडची, तिसरा आपल्याच जतचा. तिघांची छाती तपासून झाली होती. हृदय ठणठणीत होते. मी पाहत होतो तो शब्द. हिंदी घबराना, गुजराती गभरावुं, मराठी घाबरणे, कन्नड गाबरी. सारे कुठल्या तरी जुन्या 'घब्बर'सारख्या रूपातून आले असावेत. चार भाषांची माणसे एका यंत्रापाशी उभी राहतात, एकमेकांची गाणी त्यांना कळत नाहीत, पण घाबरणे कळते. मित्र म्हणाला, "त्यांचाच शब्द मी पुन्हा उच्चारतो. 'गाबरी कधीपासून?' असं विचारलं, की ती बाई खुर्चीत नीट टेकून बसते. मग खरं बोलणं सुरू होतं." तो त्यांना पुढे तज्ज्ञाकडे पाठवतो. 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक चिठ्ठीवर लिहून देतो. ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेल्या या सरकारी सेवेवर स्वतःच्या भाषेत बोलता येते, हे त्याला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते.

'उपचार' म्हणजे काय, तर उप अधिक चर्: जवळ जाणे, जवळ वावरणे. औषधाच्या आधी शब्दात चालणे आहे. 'उपाय'ही तसाच: उप अधिक इ, म्हणजे जवळ पोचणे. मानसोपचार म्हणजे मनाजवळ जाणे, आणि जाण्याची वाट त्या माणसाच्या बोलीतूनच निघते. आपल्याकडे त्या वाटेला 'विचारपूस' म्हणतात. यातल्या पुसण्याने माझे किती दिवस आनंदात गेले. मराठीत 'पुसणे' दोन आहेत. एक संस्कृत 'पृच्छ'वरून, म्हणजे विचारणे; दुसरे 'प्रोञ्छ'-'पुंस्'च्या घरातले, म्हणजे निपटणे, कोरडे करणे. मुळे वेगळी, प्रवास वेगळे, आणि मराठीत पोचल्यावर दोघांचा मिळून एकच उच्चार, एकच रूप. ख्यालीखुशाली पुसतात आणि डोळेही पुसतात.

परवा पुन्हा त्या रस्त्याने गेलो. हंगाम संपलेला, कोप्यांच्या जागी तीन दगड आणि काळी राख होती. बिऱ्हाड उचलले गेले होते. मला त्या पोरीचे नावही पुसायचे राहून गेले.